पिकअपचे मागचे टायर आणि १०६ हा आकडा
पिकअपचे मागचे दोन टायर बदलायला तास पुरतो. मला अकरा दिवस लागले, आणि ते सगळे टायरच्या बाजूवरच्या एका आकड्यापायी गेले. चीड अजून गेलेली नाही.

गाडीचं काम नारायणगावातून टोमॅटो भरून माळशेजने कल्याण. २० किलोचे ६० क्रेट, म्हणजे १२०० किलो. जुन्या टायरची नक्षी ३ मिलिमीटर उरली होती. कायद्याला १.६ चालते, खाचेतला छोटा उंचवटा तेवढ्यासाठीच असतो. पण पावसाळ्यात घाटात पाणी बाहेर फेकायला तेवढी खोली पुरत नाही, म्हणून मी ३ ला थांबतो.

दुकानदाराने पहिल्या दिवशी टायर काढून ठेवले. २१५/७५ आर १५, साइज बरोबर. पण त्या साइजच्या आधी ‘पी’ होतं आणि नंतर १००. माझ्या जुन्या टायरवर आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा) आणि नंतर १०६/१०३, ८ प्लाय (टायरच्या मजबुतीचा दर्जा). मी नको म्हटलं तर उत्तर आलं, “शेठ, साइज सेम आहे, सगळे हेच टाकतात, काही होत नाही.”

होतं ते असं. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०. (तिरक्या रेघेनंतरचा १०३ हा मागे जोडटायर असतील तर धरायचा, ८७५ किलो. आपल्या एकेरी चाकाला पहिला आकडा.) माझ्या भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घेऊन तोललं, तेव्हा १७८० किलो आले. म्हणजे एका टायरवर ८९०. ‘पी’चा टायर उभ्या गाडीतच ९० किलोने कमी पडतो, घाटातल्या वळणाला बाहेरच्या चाकावर येणारा भार तर वेगळाच. शिवाय ‘पी’ हा कारचा टायर. मालवाहू गाडीवर बसवला तर अमेरिकेच्या नियमात त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात, म्हणजे ७२७ किलोच. भार जास्त झाला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, आणि धाग्यापासून रबर सुटायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. दिसतो तो फुगा, तोवर उशीर झालेला असतो.

मी ॲडव्हान्स देऊन ‘एलटी’च हवा असं सांगितलं. चौथ्या दिवशी ‘एलटी’ आला, पण ६ प्लाय, १००/९७. परत ८०० किलो! यावर दुकानदाराचं म्हणणं, आता एलटी तर आहे ना. मी काट्याची पावती समोर ठेवली, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. आठव्या दिवशी ८ प्लाय आला आणि मी तारीख बघितली. डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे टायर चार वर्षं गोदामात पडून होते. हा आकडा पुष्कळदा एकाच बाजूला असतो, दुकानदार तीच बाजू भिंतीकडे ठेवतो, म्हणून टायर फिरवून बघायचा. अकराव्या दिवशी ॲडव्हान्स परत घेतला आणि दुसऱ्या दुकानातून सहा महिन्यांच्या आतले, १०६/१०३ घेतले. तिथे अर्ध्या तासात काम झालं.

म्हणून पैसे देण्याआधी टायरच्या बाजूचा फोटो मागवा, आणि ‘एलटी, १०६/१०३, ८ प्लाय’ हे पावतीवर लिहून घ्या. आयएसआयच्या शिक्क्याजवळचा क्रमांकही बघा: १५६३३ कारच्या टायरचा, १५६३६ व्यापारी वाहनाच्या टायरचा. एका आसावर एक नायलॉन (तिरक्या धाग्यांचा), एक रेडियल (आडव्या धाग्यांचा) कधीच नको.

आता हवा. सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना मोजायची. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर कंपनीचा आकडा असतो, सुरुवात तिथून. माझ्या टायरला ५० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) ८०० किलो आणि ६५ वर ९५० किलो झेपतं, त्यामुळे ८९० किलोला मागे ६०, पुढे ३५. रिकाम्या गाडीला मागे ६० ठेवली की गाडी उड्या मारते, ओल्या रस्त्यावर मागचं सरकतं आणि नक्षी मधूनच झिजते. आठवडाभर माल नसेल तर मी ४० वर आणतो. भरताना परत ६०, हे विसरून चालत नाही. कडा दोन्हीकडून झिजल्या तर हवा कमी होती. एकच कड झिजली तर हवेचा दोष नाही, चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

पेट्रोल पंपावर मशीनला ३५ लावून चारही चाकांना तेवढीच मारतात. मागे किती ते आपण उतरून सांगायचं. काही पंपांचा कॉम्प्रेसर ६० पर्यंत जातच नाही, मग ट्रकच्या टायरवाल्याकडे जावं लागतं. स्वतःचा गेज ठेवा, दोन गेज एकाच वॉल्व्हला लावून फरक पाहा.

वाटेत मोजलं आणि ६५ दाखवलं तर हवा काढू नका. टायर तापल्याने वाढलेली ती हवा आहे; काढली तर सकाळी ५५ मिळते. थंडीत उलट: ६० पीएसआयला १० अंश तापमान उतरलं की सुमारे अडीच पीएसआय कमी होते.

शंका असेल तर नक्षीवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर गाडी चालवा. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. हे माल भरूनच करायचं.

एक राहिलं, वॉल्व्ह. नव्या टायरसोबत जुना रबरी वॉल्व्ह ठेवू नका. साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, ६० ला मला ते फार जवळ वाटतं, म्हणून धातूचे बसवले. नट समोरासमोरचे आवळून घ्या आणि ५० ते ८० किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. स्टेपनीत ६० भरून ठेवा: पुढे लावायची वेळ आली तर हवा काढता येते, मागे लावायला आडरानात भरता येत नाही.