शेजारचा मोकाट कुत्रा आणि परसातल्या कोंबड्या: सहा आठवड्यांच्या कुंपणाची नोंद

१४ कोंबड्या, १ कोंबडा. आवार २४ × १६ फूट, म्हणजे घेर ८० फूट. जुनं कुंपण ४ फूट उंचीच्या षटकोनी कोंबडीजाळीचं, खांब बांबूचे. रात्रीचं खुराडं पक्कं, त्यामुळे धोका सगळा दिवसाचा. शेजारचा मध्यम बांध्याचा, साधारण २० किलोचा कुत्रा सकाळी मोकळा सुटतो आणि थेट इकडे येतो. आतापर्यंत २ कोंबड्या ठार, १ जखमी.

पहिला आठवडा: नक्की कोण आणि कुठून

कुंपणाला हात लावण्याआधी हे दोन प्रश्न सुटायला हवेत. मुंगूस किंवा उदमांजर सहसा मान-डोकं धरतं. कुत्र्याची खूण वेगळी असते: पाठीवर, शेपटीजवळ आणि मांड्यांवर चावे, आवारभर पिसं, मेलेल्या कोंबड्या इकडे-तिकडे टाकलेल्या आणि बहुधा न खाल्लेल्या. त्याला भूक आणत नाही. फडफडणारी, पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावायचं, ही त्याची उपजत ओढ. एक निपचित पडली की तो दुसरीकडे वळतो, म्हणून पाच मिनिटांत पाच जातात. पोटभर खायला घातलं तर तो येणार नाही, हा समज त्यामुळेच चुकीचा.

वाट शोधायला कुंपणाच्या बाहेरून हातभर रुंदीचा चाळलेल्या मातीचा पट्टा पसरला. सकाळी ठसे मिळाले. नखांच्या खुणा उमटल्या होत्या. मांजराच्या ठशात त्या सहसा दिसत नाहीत. वाटा दोन निघाल्या: मागच्या कोपऱ्यात उकरलेली जागा आणि फाटकाची खालची फट. चार फुटांवरून उडी मारल्याची एकही खूण नव्हती. उंची वाढवण्यात सगळा खर्च घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कुत्रा आधी खालूनच प्रयत्न करतो.

जखमी कोंबडीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच जास्त चुका होतात. पिसांखाली दाताची भोकं लहान दिसतात, पण कातडी आतून मांसापासून सुटलेली असू शकते आणि तोंडातले जंतू खोलवर गेलेले असतात. पिसं बाजूला करून, गरज पडल्यास कापून, सगळं अंग तपासावं. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ टाकून सुईविना सिरिंजने जखम धुवावी. वरून मलमाचा जाड थर देऊन भोक बंद करू नये, आत पू साचतो. माणसांची बधिर करणारी मलमं तर नकोतच, ‘केन’ने शेवट होणारी औषधं पक्ष्यांना घातक ठरू शकतात. खोल चाव्याला पशुवैद्याकडून प्रतिजैविक घ्यावं. तिला वेगळ्या, अंधाऱ्या, उबदार जागी ठेवावं, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचतात. उन्हाळ्यात माशीची अंडी एका दिवसात फुटून किडे पडतात, म्हणून जखम दिवसातून दोनदा बघायची. अशा धक्क्यानंतर कळपाचं अंडी देणं थांबणं अपेक्षितच असतं, कधी काही दिवस, कधी काही आठवडे.

कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी हाताने ओढू नका. तरीही चावा बसलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही.

दुसरा आठवडा: जाळी बदलली

कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिची तार २० ते २२ गेजची, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. दात अडकवून मागे झटका दिला की पीळ उसवत जातो. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे खरेदीच्या वेळी नेमकं उलटं लक्षात राहतं.

नवी मांडणी अशी. ८ फुटी लोखंडी अँगल दर ८ फुटांवर, २ फूट जमिनीत: घेराचे १० आणि फाटकासाठी १ जास्तीचा. चारही कोपरे आणि फाटकाचे दोन्ही खांब काँक्रीटमध्ये, बाकीचे दगड-मुरूम ठोकून. कोपऱ्यांना तिरके टेकू दिले नाहीत तर जाळी ताणताना खांब आत कलतात. त्यावर १४ गेजची, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर तारेची, २ × २ इंची, ५ फूट रुंदीची वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी. जाळी खांबांच्या बाहेरच्या बाजूने बांधायची. धक्का बाहेरून येतो, त्यामुळे जाळी खांबावर दाबली जाते. आतून बांधली तर तोच सगळा जोर बांधणीच्या तारेवर येतो. खालच्या २ फुटांत दर ६ इंचांना दुहेरी गाठ, वर दर फुटाला.

खांबाचा वरचा एक फूट उरतो, तिथे जुनी कोंबडीजाळी मुद्दाम ढिली आणि बाहेर झुकलेली ठेवली. चढू पाहणाऱ्या कुत्र्याला पंजाखाली हलणारी कड भरवशाची वाटत नाही.

आता खरं काम, पदराचं, म्हणजे कुंपणाच्या बुडापासून बाहेर जमिनीवर पसरलेल्या जाळीचं. अर्धा इंची, १९ गेजची, ४ फूट रुंदीची जाळी घेतली आणि मधोमध काटकोनात वाकवली. २ फूट वेल्डमेशला लागून उभे, २ फूट बाहेर जमिनीवर आडवे. उभ्या भागामुळे २ इंची भोकातून मान बाहेर काढायची कोंबडीची सवय बंद होते. कुत्रा बाहेरून डोकं धरून ओढतो, तेव्हा कुंपण शाबूत असूनही कोंबडी जाते. आडव्या भागाचं कारण कुत्र्याच्या डोक्यात आहे. तो कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतो, जाळी लागली की थांबतो. दोन फूट मागे सरून तिथून भुयार काढावं, हे त्याला सहसा सुचत नाही. म्हणूनच सरळ खाली दोन फूट चर खणून जाळी गाडण्यापेक्षा पदर सोपा आणि तितकाच परिणामकारक.

माप: फाटकाचे ३ फूट वजा जाता ७७ फूट. वाकवलेली जाळी कोपऱ्यात वळत नाही, प्रत्येक कोपऱ्याबाहेर २ × २ फुटांचा चौकोन उघडा राहतो. त्या चार ठिगळांचे आणि तुटीचे धरून ९० फूट मागवली. कडेला ६ मिलिमीटर सळईचे, १० इंच पायांचे यू आकाराचे खिळे दर फुटाला एक, वाकाजवळ दर दोन फुटांना एक. मिळून साधारण १३५ लागले.

काय चुकलं: एका बाजूला जमीन न खरवडताच पदर अंथरला. खळगा होता तिथे कड दोन बोटं उचललेली राहिली आणि तिसऱ्याच दिवशी तिथे नाक खुपसल्याची खूण दिसली. पदर काढला, जमीन सपाट केली, पुन्हा ठोकला, वर दोन इंच माती पसरली. गवत त्यातून उगवलं की मुळं जाळीला शिवून टाकतात, म्हणून हे काम पावसाच्या तोंडावर केलेलं बरं.

तिसरा आठवडा: फाटक

फाटक बाहेर उघडणारं केलं, म्हणजे कुत्र्याने ढकललं की ते चौकटीवरच दाबलं जातं. एकच कडी मध्यावर असली की खालचा कोपरा लवचिक राहतो आणि तेवढ्या फटीतून डोकं जातं. कड्या दोन हव्यात, वर एक आणि खाली एक. खालची फट दीड इंचाच्या आत. उंबऱ्याबाहेर पदर घालता येत नाही, तिथे ३ × २ फुटांच्या जागेत फरश्या बसवल्या.

चौथा आणि पाचवा आठवडा: झटका मशीन

उकरण्याचे प्रयत्न थांबले, पण कुंपणाला घिरट्या चालूच होत्या, आणि घाबरलेल्या कोंबड्या जाळीवर आपटून जखमी होतात. म्हणून कुंपणापासून ६ इंच बाहेर, लांब हातांच्या इन्सुलेटरवर झटका मशीनला जोडलेल्या दोन तारा: एक ८ इंचांवर, दुसरी १८ इंचांवर. कुत्रा नवी वस्तू आधी ओल्या नाकाने हुंगतो आणि झटका तिथेच बसायला हवा. अंगावर केस असतात, तिथे तो नीट लागत नाही.

पहिल्या दिवशी मीटरवर १,८०० व्होल्ट. एवढ्यावर कुत्रा दचकतो, शिकत नाही. ३,००० तरी हवेत, ४,००० च्या वर उत्तम. कारणं दोन सापडली, खालच्या तारेला टेकलेलं गवत आणि एकाच सळईचं अर्थिंग. गवत कापलं, ५ फुटी गॅल्व्हनाइज्ड सळया तीन केल्या, एकमेकींपासून १० फुटांवर. शिवाय पदराची जाळी मशीनच्या अर्थ टर्मिनलला जोडली. त्यासाठी पदरावरची माती बाजूला सारली. कोरड्या मातीवर उभ्या कुत्र्याला झटका कमी बसतो, कारण वीज जमिनीतून परत येत नाही; आता तो जाळीवर उभा राहून तारेला नाक लावतो आणि वर्तुळ पूर्ण होतं. मीटर ५,००० च्या पुढे गेला.

घरच्या विजेची तार कुंपणाला थेट जोडणं म्हणजे जीव घेणं आहे, माणसाचाही. ठरावीक अंतराने क्षणभराचाच झटका देणारं तयार यंत्रच वापरायचं. दिसेल अशी पाटी लावायची आणि शेजाऱ्यांना आधी सांगायचं. विष, फास, काचा हे तर मनातही आणू नये. विष कोण खाईल यावर आपला ताबा नसतो, आणि आपल्याच कोंबड्या दिसेल ते टिपतात.

शेजाऱ्यांकडची बाजू

हे काम पहिल्या आठवड्यापासून चालू होतं. तारीख, वेळ, वाट आणि फोटो वहीत टिपले. ‘तुमच्या कुत्र्याने मारल्या’ अशी सुरुवात केली की समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. ‘दादा, सकाळी सातच्या सुमाराला तो मागच्या भोकातून निघतो, जरा बघायला याल का?’ असं म्हटलं की दोघं मिळून भोकाकडे बघतात. ते भोक त्यांच्या बाजूने बुजलं. तेवढ्याने येणं निम्म्यावर आलं.

कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधा, असं सुचवू नये. साठलेली ताकद सुटल्यावर दुप्पट धावते. सकाळी मोकळं सोडण्याऐवजी पट्ट्याने फिरवणं, गळ्यात घुंगरू, आणि नर असेल तर नसबंदी, भटकणं त्याने कमी होतं. मालक तयार असतील तर १० मीटर दोरीवर सराव: कोंबड्या दिसतात पण कुत्रा हाकेला वळतो, इतक्या अंतरावर उभं राहायचं, वळला की खाऊ, आणि अंतर रोज थोडं कमी. मेलेली कोंबडी नाकासमोर धरून मारण्याने काहीच साधत नाही. तासाभरापूर्वीच्या कृतीशी तो मार जोडला जात नाही, कुत्रा फक्त मारणाऱ्याला घाबरायला शिकतो. आणि सराव कितीही झाला तरी एकट्या कुत्र्याला मोकळ्या कोंबड्यांत सोडू नये.

सहावा आठवडा: आजची स्थिती

दहा दिवस ताजा ठसा नाही. अंडी पुन्हा सुरू झाली. जखमी कोंबडीच्या पाठीवर कोवळी पिसं फुटली, पण ती निळसर, रक्ताने भरलेली असताना इतर कोंबड्या ओढतात, म्हणून अजून आठवडाभर ती वेगळीच राहील.

उरलेला प्रश्न दोन हलक्या तलंगांचा, म्हणजे तरुण कोंबड्यांचा. त्या फाटकावरून उडून बाहेर जातात, आणि बाहेर गेलेल्या कोंबडीला कुंपणाचा उपयोग नाही. एकाच पंखाची टोकाकडची १० लांब पिसं निम्मी कापली, म्हणजे तोल जाऊन उडी तोकडी पडते. कापण्याआधी दांडा उजेडात धरून बघावा. काळपट दिसला तर आत रक्त आहे, ते पीस सोडून द्यावं. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतील. मीटरचं वाचन दर रविवारी, आणि पाऊस पडून गेल्यावर पदराच्या सगळ्या खिळ्यांवरून एक फेरी.