पहिल्या मातीने रोपं जाळली, दुसरीसाठी पाच आठवडे थांबले

पाऊस ओसरला की मुंबईत टोमॅटो लावायचे दिवस येतात. यंदा मला नर्सरीतली नुसती लाल माती नको होती. कुंडीत ती दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते, वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. मला जिवंत माती हवी होती. म्हणजे गांडुळं, बुरशी, जिवाणू जिच्यात नांदतात अशी. तिच्यात आपण झाडाला खत देत नाही, या मंडळींना जेवू घालतो आणि ती झाडाचं बघतात.

मी जे सूत्र घेतलं ते परदेशात सेंद्रिय गांजा पिकवणाऱ्यांमध्ये चांगलं रुजलेलं आहे. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे. माती मात्र टोमॅटो-मिरचीलाही तीच चालते. तीन समान भाग: पाणी धरणारा, पोसणारा आणि हवा खेळती ठेवणारा. मी घेतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि विटांचे बारीक तुकडे अधिक भाताचं तूस. पाच लिटरच्या डब्याने प्रत्येकी तीन डबे.

पहिल्या खेपेला घाई नडली. गोरेगावच्या तबेल्यातून आणलेलं ताजं शेण आणि वर तब्बल दीड किलो निंबोळी पेंड घातली. जितकं जास्त तितकं झाड जोमदार, असं वाटलं होतं. चौथ्या दिवशी रोपं लावली. सहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठव्या दिवशी बाराच्या बारा माना टाकून पडली. मातीत हात घातला तर आत चक्क गरम, आणि नाकात झोंबणारा अमोनिया. पेंड आणि शेण कुजताना उष्णता निघते, नत्राचा अमोनिया होतो आणि कोवळी मुळं त्यात जळतात. बियांपासून वाढवलेली रोपं होती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा सगळं मोजून केलं. कोकोपीट आधी तीन पाण्यांतून धुतलं, कारण त्यात बरेचदा मीठ असतं. तेवढ्याच पंचेचाळीस लिटर मिश्रणाला निंबोळी पेंड फक्त १५० ग्रॅम, हाडांचं खत तेवढंच. शेण या वेळी नाहीच. आणि आपल्या मुंबईतली खास भर म्हणजे कोलंबीची सालं. बाजारातल्या मावशींनी सोलून दिलेल्या कोलंबीची सालं मी मागून घेतली, धुऊन उन्हात कडक वाळवली आणि मिक्सरमधून काढली. वाळवताना कावळ्यांपासून राखायला मात्र दोन दिवस खिडकीशी बसावं लागलं. त्या सालांत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं. ते खाणारे जिवाणू मातीत वाढले की रोग आणणाऱ्या बुरशीच्या पेशींच्या भिंतींवरही तुटून पडतात, कारण त्या भिंतींतही कायटिनच असतं. शेवटी सोसायटीतल्या जुन्या आंब्याखालची ओंजळभर माती, विरजण म्हणून.

पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून घातलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. ओलावा इतकाच की मूठ वळली तर लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी टपकू नये. वर गोणपाट टाकलं आणि दर रविवारी खालवर केलं.

दुसऱ्या रविवारी गोणपाट उचललं तर वर पांढऱ्या तंतूंचं जाळं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बुरा धरलाय, टाकून दे ते." मला मात्र इतका आनंद झाला होता की मी त्यांना हात धरून जवळ बसवलं आणि वास घ्यायला लावला. अमोनियाचा मागमूस नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ऊब उतरली, चौथ्यात वास पार बदलला. जूनच्या पहिल्या सरीनंतर गावच्या परसात येतो तो वास, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत.

तरी लगेच लावलं नाही. एका वाटीत माती घेऊन मेथीचे वीस दाणे पेरले. मेथी खोटं बोलत नाही: माती तापट असेल तर उगवत नाही, किंवा उगवून पिवळी पडते. पाचव्या दिवशी अठरा कोंब वर आले होते, हिरवेगार आणि ताठ. तेव्हा कुठे नवी रोपं लावली आणि मातीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर दिला.

आता झाडं कमरेएवढी झाली आहेत आणि पाचोळा उचलला की खाली गांडुळांची पिल्लं दिसतात. काल सासूबाई हातात कुंडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझ्या कढीपत्त्यालाही घाल गं त्यातली दोन ओंजळी."