लाल टोपणाची सिरिंज

आमच्या चिंगीच्या मधुमेहाचे निदान डॉक्टरांच्या आधी मुंग्यांनी केले. नऊ वर्षांची ही पॉमेरेनियन कुत्री गेल्या हिवाळ्यात वाडगाच्या वाडगा पाणी संपवू लागली, रात्रीतून दोनदा दाराशी उभी राहू लागली आणि भरपूर खाऊनही तिच्या बरगड्या हाताला लागू लागल्या. तरी आम्ही ते सारे वयावर ढकलले. अंगणात तिने जिथे लघवी केली होती तिथे मुंग्यांची रांग लागलेली पाहून, स्वतः अनेक वर्षे मधुमेह सांभाळणारी आई म्हणाली, "अगं, हिला माझंच दुखणं लागलंय."

रक्तातील साखर ४१२ निघाली. कुत्र्यांमध्ये ती साधारण १८० ते २२०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. मग ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. आईच्या गोळीतली अर्धी देता येईल का, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी समजावले की कुत्र्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे इंजेक्शनला पर्याय नाही. चिंगीचे अंडाशय आणि गर्भाशय काढलेले नव्हते, हेही नडले. माजानंतर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे कुत्रीच्या स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक स्रवते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. ती शस्त्रक्रिया आम्ही वर्षानुवर्षे पुढे ढकलली होती. शेवटी साखर थोडी आटोक्यात आल्यावर ती करावीच लागली.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आधी जेवण आणि मग मानेमागच्या सैल कातडीत चार युनिट, असा क्रम ठरला. सुई टोचण्याची माझी भीती आठवडाभरात गेली. खरी चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. सिरिंज संपल्या म्हणून दुकानातून नव्या आणल्या, त्यांचे टोपण नारिंगी होते, आणि माझ्या ते लक्षातही आले नाही. आपल्याकडे लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, तर नारिंगी टोपणाची १०० युनिटवाल्यासाठी असते. चिंगीची बाटली ४०ची होती, त्यामुळे नारिंगी सिरिंजवर चारची रेघ गाठूनही तिच्या अंगात जेमतेम १.६ युनिट जात होते. तीन दिवसांत ती पुन्हा पाण्यावर तुटून पडली. चूक उलट झाली असती, म्हणजे १००चे इन्सुलिन लाल सिरिंजने दिले असते, तर डोस अडीचपट होऊन तिच्या जिवावर बेतले असते. आता बाटली आणि टोपण जुळल्याशिवाय मी सुई भरत नाही, आणि ती जेवली नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचतही नाही. साखर उतरून ती लडखडू लागलीच तर हिरड्यांना चोळण्यासाठी मधाची बाटली फ्रिजवर ठेवली आहे.

पाहुण्यांना आवरणे मात्र इन्सुलिनपेक्षा अवघड आहे. "एका बिस्किटानं काय होतंय?" असे म्हणत टेबलाखाली हात जातोच.

उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांत दुधी छटा उतरली. मधुमेही कुत्र्यांमध्ये मोतीबिंदू सर्रास आणि फार झपाट्याने होतो, कारण भिंगात शिरलेल्या साखरेचे सॉर्बिटॉल होते आणि ते पाणी शोषून भिंग गढूळ करते. शस्त्रक्रियेचा निर्णय अजून झालेला नाही. तोवर घरातली एकही खुर्ची आम्ही जागची हलवत नाही, आणि सात वाजता फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज झाला की चिंगी भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात येऊन उभी राहते.