‘चिंटू’ची कात्रणं : पात्रसूचीचं काम कुठवर आलं

वर्तमानपत्रातून कापलेल्या ‘चिंटू’च्या कात्रणांच्या संग्रहात या टप्प्यात कात्री बाजूला ठेवून फक्त पात्रांची सूची हाती घेतली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही विनोदी चित्रपट्ट्यांची मालिका ‘सकाळ’मध्ये 21 नोव्हेंबर 1991 ला सुरू झाली. एवढा ऐवज नुसता तारखेवर लावला तर हवी ती पट्टी हाती लागत नाही, कारण तारीख कुणालाच आठवत नाही. आठवतं ते ‘ती जोशी काकूंची’ किंवा ‘ती सतीशदादाची’. म्हणून तक्त्यात दर पट्टीला एक ओळ आणि दर पात्राला एक रकाना : चिंटू, आई, पप्पा, आजी, आजोबा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, सोनू, सतीशदादा, जोशी काकू. उरलेले सगळे ‘इतर’मध्ये.

सुरुवातीला रकान्यात नुसती बरोबरची खूण केली आणि सूची तिथेच फसली. समजा, चिंटू आणि पप्पू जोशी काकूंबद्दल बोलताहेत, पण काकू एकाही चौकटीत नाहीत. खूण केली तर ती खोटी, नाही केली तर पट्टी हरवली. आता तीन अक्षरं वापरतो. चित्रात दिसलं तर ‘चि’, चौकटीबाहेरून नुसता संवादाचा फुगा आला तर ‘आ’, फक्त नाव निघालं तर ‘उ’. मेहनत दुप्पट होते, पण ती करावीच. घरगुती विनोदात न दिसणारं माणूस फार मोठं काम करून जातं, आणि ते फक्त या ‘आ’ आणि ‘उ’मधूनच पकडता येतं. पाठमोरं पात्र ओळखू आलं नाही तर अंदाजाने नाव टाकू नका, प्रश्नचिन्ह ठेवा.

नावं हाताने टाइप करू नयेत. ‘सतीशदादा’ आणि ‘सतीश दादा’ ही तक्त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं होतात आणि गाळणी (फिल्टर) लावली की निम्म्या पट्ट्या गायब. ठरलेल्या नावांची यादी करून तीतूनच निवडा. तारीख 1991-11-21 अशी, वर्ष आधी. म्हणजे क्रम आपोआप लागतो.

बिनतारखेच्या कात्रणांची गुरुकिल्ली मागच्या बाजूला असते. सिनेमाची जाहिरात, क्रिकेटचा धावफलक, सोन्याचा भाव, अर्ध्या कापलेल्या बातमीतला ‘गुरुवारी’ हा एक शब्दसुद्धा कामाला येतो. तो वार त्या काळच्या कॅलेंडरशी पडताळायचा. त्यामुळे कात्रण डिंकाने चिकटवणं म्हणजे पुरावा गाडणं. डिंकाच्या पाण्याने वर्तमानपत्राचा कागद सुरकुततो ते वेगळंच, आणि सेलोटेपचा तर काही वर्षांत तपकिरी डाग पडतो. चार कोपऱ्यांना फोटो कॉर्नर, म्हणजे कोपरा अडकवायच्या छोट्या खोबण्या, लावा, खाली आम्लमुक्त कागद घ्या. नवी पट्टी कापण्याआधी समासात पेन्सिलीने तारीख आणि आवृत्ती लिहा. शाईचं पेन या कागदावर फुटतं.

स्कॅन दोन्ही बाजूंचं, 600 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके. पट्टीच्या पाठीशी काळा कार्डपेपर ठेवला की मागची छपाई पुढे उमटत नाही. पांढरा ठेवला तर मागच्या जाहिरातीची अक्षरं थेट चिंटूच्या चेहऱ्यावर येतात, आणि ती नंतर पुसायला गेलं की बारीक रेषाही पुसली जाते. मूळ फाइल टिफ (TIFF) या चित्र-फाइलच्या प्रकारात तशीच ठेवून सफाई प्रतीवर करा.

पुढचं काम ‘इतर’ रकान्याचं. तिथे एखादा चेहरा पुन्हापुन्हा आला की त्याला स्वतःचा रकाना द्यायचा.