नदी निघून गेली, मग गाव वसलं

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरातली नाग नदी आमच्या घरात आली. तलाव ओव्हरफ्लो झाला, रात्रीतून शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आम्ही आपले झोपलेले, मला जाग आली ती सिलेंडर भिंतीवर ठक् ठक् आपटत होतं त्याच्या आवाजानं, अर्धं रिकामं सिलेंडर पाण्यावर तरंगते हे तेव्हा कळलं बाप्पा. आई पलंगावर उभी राहून ओरडत होती, काहून पाहत उभा आहेस, मेन स्विच बंद कर आधी!

तेव्हापासून शाळेतलं ते वाक्य, "नदीकाठी संस्कृती उदयास आल्या", ऐकलं की मला थोडं हसू येते. कोणत्या नदीकाठी, भाऊ? भरलेल्या की आटलेल्या?

हे उगाच नाही म्हणत. राजस्थानातलं कालीबंगा घ्या, हडप्पा काळातलं मोठं गाव, घग्गरच्या काठावर. आधी वाटायचं की इथं हिमालयातून येणारी दांडगी नदी होती, ती आटली आणि लोक गेले, विषय संपला. पण २०१७ साली आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांचा अभ्यास छापून आला, त्यांनी तिथं जमिनीत खोल बोअर मारून वाळू काढली, ती कोणत्या डोंगरातली आणि किती वर्षांपूर्वी पुरली गेली ते तपासलं. निघालं काय, तर तिथून सतलज वाहायची हे खरं, पण तिनं सुमारे ८००० वर्षांपूर्वीच पात्र सोडलं होतं! गावं भरभराटीला आली त्यानंतर तीनेक हजार वर्षांनी, त्या सोडून दिलेल्या पात्राच्या खोलगट भागात. पावसाळ्यात थोडं पाणी यायचं, गाळाची जमीन आयतीच पडलेली, आणि मुख्य म्हणजे हिमालयाचा पूर येऊन भिंती वाहून नेत नव्हता. मला तर हे वाचून लगेच पटलं, सिलेंडर तरंगताना पाहिलेल्या माणसाला पटणारच.

मग ४२०० वर्षांपूर्वीच्या आसपास पाऊसच कमी झाला, मेघालयातल्या मॉम्लू गुहेत थेंबथेंब साचलेल्या चुनखडीत त्याची खूण सापडते. तेव्हा मोठी शहरं हळूहळू ओस पडत गेली आणि पूर्वेकडं लहान लहान खेडी वाढली.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडते. शिरूर तालुक्यातलं इनामगाव, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं खणलं. इथल्या लोकांनी पाणी वळवायला पाट खणला होता, बांध घातला होता. इ.स.पू. १००० च्या पुढं दिवस वाईट आले, तिथं खोदकाम करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं म्हणणं होतं की हवामान कोरडं होत गेलं म्हणून. आधीची चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. लोक तेच, जागा तीच, फक्त घर आकसलं. माझं डोकं त्या गोल झोपडीवर अडकते, पहिली गोल झोपडी बांधणाऱ्याला आज्यानं काय ऐकवलं असेल? आमच्या काळी चार भिंती होत्या म्हणून?

नागपूरच्या आसपास तर हे पाहायला लांब जायचं कामच नाही. काटोल रोडनं जुनापाणीला जा, लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, शेकडो. काळ्या दगडांचे मोठाले गोल, काही दगडांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे, बोट बरोबर बसते त्यात. ही थडगी, उंचवट्यावरच्या मुरमाड जमिनीवर, जिथं नांगर लागत नाही. राहायला मात्र पाण्याजवळ, पेंचकाठच्या नैकुंडला वस्ती सापडली आणि लोखंड गाळायची भट्टीसुद्धा. मेलेले वर, जिते खाली पाण्यापाशी.

मी मागच्या हिवाळ्यात पोट्ट्याला घेऊन गेलो होतो. तो एका दगडावर बसून म्हणे, बाबा, इथं पूर येईल का? म्हटलं, इथं नाही येत. तर म्हणे, मग इथंच फ्लॅट घे ना.

घरी भिंतीवर पाण्याची रेष अजून दिसते, दोनदा रंग मारून झाला. आईनं गव्हाची कोठी त्या रेषेच्या वरच्या फळीवर चढवलीय, आणि दर वेळी गहू काढायला मलाच स्टूल आणावं लागते.