चार गळ्यांचा पियानो

सकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात चार पोलिश माणसं गातात. मी भेंडी चिरत असते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते, आणि ओट्यावरच्या फोनमधून एक बाई आणि तीन पुरुष ‘दा-बा-दा’ करत शोपँचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्याच लाडक्या पोलिश संगीतकाराचा, पियानो गात असतात. पियानोच्या साथीनं नव्हे, पियानोच. पहिल्यांदा लावलं तेव्हा नवरा बाहेरून ओरडला, "सरगम विसरलंय का कोणी?"

या मंडळींचं नाव नोव्ही सिंगर्स. एवा वानात, बेर्नार्द काव्का, यानुश मिख आणि वाल्देमार पाझिन्स्की. १९६४ साली वॉर्सामध्ये जमलेली ही जॅझ गाणारी चौकडी. नोव्ही या नावाची फोडच मुळी ‘न्यू ओरिजिनल व्होकल इन्स्ट्रुमेंट्स’ अशी आहे, म्हणजे गळा हेच वाद्य. पॅरिसच्या स्विंगल सिंगर्सनी १९६३ मध्ये जर्मन संगीतकार बाख असाच गाऊन दाखवला होता. नोव्हींची शोपँची तबकडी आली १९७१ मध्ये, पोलंडच्या सरकारी कंपनीकडून. मी ऐकते ती त्या तबकडीवरून कोणीतरी उतरवून घेतलेली प्रत. नेमक्या नाजूक जागी ‘खर्र’ करते. आता ती खर्रखर्र मला गाण्याचाच भाग वाटते.

आपल्याकडे सतार गायकी अंगानं वाजली की माना डोलतात. वाद्यानं गळ्यासारखं व्हावं ही आपली जुनी हौस. इथे उलटी गंगा: गळाच वाद्य व्हायला निघालाय. पण थोडं खोलात गेलं की गंगा सुलटीच वाहताना दिसते, कारण ज्या पियानोची ही नक्कल, तो स्वतःच गाणाऱ्याची नक्कल करत होता. शोपँला इटालियन ऑपेराचं वेड, त्यातून ऑपेरा रचणारा बेलिनी म्हणजे जीव की प्राण. शिष्यांना तो सांगायचा, चांगले गाणारे ऐका, स्वतः गायला शिका. माझ्या पेटीच्या बाई हेच सांगायच्या. "आधी गा, मग पट्टीला हात लाव." मी गायचे, त्या कपाळाला हात लावायच्या.

पियानोचं दुखणं असं, की हातोडी तारेवर एकदा पडली की सूर विझायलाच लागतो. नंतर तो फुगवता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. पेटीत भाता आहे म्हणून सूर टिकतो, पण मींड तिच्याही नशिबी नाही. गळ्याला दोन्ही येतं.

हे मला कळलं तेही पेटीमुळेच. या चौकडीच्या नादानं एका रविवारी शोपँचा ई मायनर या स्वरपट्टीतला छोटा प्रील्यूड, म्हणजे पियानोची एक चिमुकली रचना, पेटीवर बसवायला घेतला. पांढरी तीनला सा धरला, तर उजवा हात बराच वेळ पंचमावरच ठाण मांडून असतो. मधेच कोमल धैवताला शिवतो आणि परत पंचम. बस, एवढंच. खाली डावा हात मात्र एकेक पायरी, तीही अर्धीअर्धी, उतरत जातो. वरचा सूर तोच, पण प्रत्येक वेळी जास्त उदास वाटतो. पेटीवर ते जमेना. म्हणून गुणगुणून पाहिलं, आणि धैवतावरून पंचमावर येताना गळा आपोआप जरासा घसरला. शोपँला बहुधा हेच हवं होतं, आणि त्याच्या वाद्यात तेवढंच नव्हतं. हाच प्रील्यूड १८४९ मध्ये त्याच्या अंत्यविधीला, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ऑर्गनवर वाजला.

अर्थात त्याचा पियानो गाऊन बघायची कल्पना नोव्हींच्याही आधीची. पोलीन व्हिआर्दो ही मोठी गायिका त्याची मैत्रीण. तिनं त्याच्या मझुर्कांना, म्हणजे पोलिश लोकनृत्याच्या ठेक्यावरच्या पियानोच्या रचनांना, शब्द जोडले आणि १८४८ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये गायल्यासुद्धा. पोलिश चौकडीनं शब्दांची भानगडच ठेवली नाही. धाडस होतं हो ते. वीस वर्षांचा असताना शोपँनं वॉर्सा सोडलं, पुन्हा कधी परतला नाही. त्याचं हृदय तेवढं बहिणीनं परत आणलं, ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. जर्मनांनी १९४० मध्ये बागेतला त्याचा पुतळा सुरुंग लावून उडवला, त्याचं संगीत जाहीर वाजवायला बंदी घातली. लोक घरात दारं लावून वाजवत राहिले. अशा देशात देवघरातल्या मूर्तीपुढे ‘दा-बा-दा’ करायचं म्हणजे काळीज हवं.

सगळंच मला आवडतं असं नाही. धावत्या जागी मधूनच सर्कस वाटते. संथ जागी मात्र चिरणारा हात थांबतो.

पोलंड म्हटलं की आमच्या कोल्हापूरकर आजीला वळिवडे आठवायचं. युद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते ४८ तिथल्या छावणीत राहिले. "गोरी पोरं अन् त्यांच्या आया," आजी म्हणायची, "अन् सारखी गाणी." कसली गाणी, हे तिला विचारायचं राहूनच गेलं.

काल सकाळी फोन चार्जिंगला होता, म्हणून स्वयंपाकघर गप्प. मी भेंडी चिरत होते. बाहेर दाढी करता करता नवरा काहीतरी गुणगुणत होता. पंचम, कोमल धैवत, पंचम. धैवत जरा चढाच लागत होता.