बायूचं कापड आणि त्याच्या काठावरची माणसं

पॅरिसच्या सँ लाझार स्टेशनवरून सुटलेली गाडी अडीच तासांच्या आत बायूला पोचवते. नॉर्मंडीतलं हे छोटं गाव. मधून ओर नावाची अरुंद नदी वाहते, तिच्यावर जुनी पाणचक्की आहे आणि कुठल्याही गल्लीतून मान वर केली की कॅथीड्रलचे मनोरे दिसतात. इथे येणारे बरेच लोक दुसऱ्या महायुद्धातले समुद्रकिनारे बघायला येतात. आम्ही आलो होतो एक कापड बघायला. संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद होण्याआधीचा तो शेवटचा उन्हाळा होता, आणि सोबत माझी मावशी होती. मिरजेत तिने आयुष्यभर भरतकाम केलंय, शिकवलंय. मी आले होते 1066 सालचा इतिहास बघायला. ती आली होती टाके बघायला.

आधी थोडक्यात गोष्ट सांगते. इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक होता. जानेवारी 1066 मध्ये तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरल्ड हा तिथला बडा सरदार गादीवर बसला. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणाला, गादी मला कबूल केली होती, हॅरल्डने माझ्यासमोर शपथसुद्धा घेतली होती. त्याने जहाजं बांधली, इंग्लिश खाडी ओलांडली आणि 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्डला संपवलं. नाताळच्या दिवशी विल्यमचा राज्याभिषेक झाला. ही सगळी हकीगत सुमारे 68 मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद लिननवर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे. लढाईनंतर फार वर्षं जाऊ न देता, अकराव्या शतकातच.

आत काळोख्या बोळासारखं दालन होतं. काचेमागे मंद उजेडात कापड लावलेलं, इंग्रजी 'यू' अक्षरासारखं वळत जाणारं. फोटो काढायला बंदी. कानातला आवाज एका प्रसंगावरून दुसऱ्यावर घेऊन जायचा आणि मागची माणसं हळूहळू पुढे सरकवत राहायची. मी राजे शोधत होते. मावशीने थोड्याच वेळात कानातलं काढून ठेवलं.

"अगं, हे बघ," ती म्हणाली, "यांनी लोकर किती जपून वापरलीये."

तिने दाखवल्यावर मला कळलं. बाह्यरेषा आणि अक्षरं वेलाचा देठ काढायला घालतात त्या टाक्याने काढली आहेत. आतली भरणी मात्र निराळीच. आधी लोकरीचे लांब धागे शेजारीशेजारी नुसते पसरायचे, त्यांवर आडवे धागे थोड्या थोड्या अंतराने टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी जागोजाग बांधून टाकायचे. धागा जवळजवळ सगळा वरच राहतो, मागच्या बाजूला वाया जात नाही आणि मोठी जागा भराभर भरते. घोड्याचं अंग, जहाजाच्या फळ्या, शिडं, सगळं असंच. शिवाय पलीकडचे पाय वेगळ्या रंगात: निळ्या घोड्याचे दोन पाय निळे आणि दोन पिवळसर. खोली दाखवायला छाया-प्रकाश नाही, फक्त रंगाची अदलाबदल. मावशी त्या घोड्यांपाशी मनापासून खूश होती.

रंग सगळे तीन वनस्पतींमधून आलेले. लाल रंग मॅडरच्या मुळांचा, ही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली. पिवळा वेल्डचा. निळा वोडच्या पानांचा, त्यात रंग देणारं द्रव्य आपल्या निळीतलंच. एवढ्यावर दहाएक छटा काढल्या आहेत, आणि साडेनऊशे वर्षांनंतरही त्यातल्या बऱ्याच अजून टवटवीत आहेत.

लिननचे नऊ तुकडे जोडून हा पट्टा झालाय. सुरुवातीपासून तेरा-चौदा मीटरवर पहिला जोड येतो आणि तिथे वरच्या काठाच्या रेषा एकमेकींना नीट मिळत नाहीत. पुढचे जोड शोधावे लागतात. म्हणजे तुकडे वेगवेगळे भरले गेले, मग जोडले, आणि पहिल्या जोडाला जे साधलं नाही ते पुढे त्या हातांना साधलं. कुठल्याही बखरीत न लिहिलेली ही माहिती शिवणीने सांगितली.

हे हात कुणाचे? नावं राहिलेली नाहीत. पण बहुतेक अभ्यासक मानतात की काम इंग्लंडमध्ये झालं, बहुधा कँटरबरीत, आणि करून घेतलं बायूचा बिशप ओडो याने. ओडो हा विल्यमचा सावत्र भाऊ. पुरावे कापडावरच आहेत. लॅटिन मजकुरात मध्येच इंग्रजी लिपीतलं अक्षर आणि इंग्रजी वळणाची गावांची नावं डोकावतात. वाडार्ड आणि व्हिटाल अशी दोन किरकोळ माणसं नावानिशी येतात. इतर इतिहासात त्यांना कुणी विचारत नाही, पण विल्यमने पुढे करवलेल्या डूम्सडे बुक या जमिनींच्या नोंदवहीत ते ओडोच्या हाताखालचे जमीनधारक म्हणून सापडतात. आणि ज्या शपथेवर सगळा दावा उभा आहे, ती कापडावर बायूमध्ये होते. नॉर्मन इतिहासकार तिची जागा दुसरीकडे सांगतात. मालकाने आपलं गाव गोष्टीत घातलं, हे उघड दिसतं.

म्हणजे जिंकणाऱ्याच्या पैशाने हरलेल्यांच्या देशात केलेलं काम. हे मनात ठेवून बघायला लागलं की प्रत्येक प्रसंग दोन बाजूंनी बोलायला लागतो. हॅरल्डच्या राज्याभिषेकाला शेजारी आर्चबिशप स्टिगंड उभा आहे, नावासकट. हा पोपने बहिष्कृत केलेला माणूस, म्हणजे अभिषेकच खोटा ठरवायचा डाव. पण त्याच कापडावर मों सॅ मिशेलजवळच्या रुतत्या वाळूतून हॅरल्ड विल्यमच्याच माणसांना बाहेर काढतो, एकाला पाठीवर घेऊन आणि दुसऱ्याला हाताला धरून. त्याच्या मरणाच्या चित्रावरही अक्षरं आहेत 'राजा हॅरल्ड'. चोर नाही, तोतया नाही. शत्रूला राजा म्हणण्याइतकी सभ्यता या कापडात आहे, ती कुणाच्या आग्रहाने आली असेल याचा विचार मी अजून करते.

राज्याभिषेकानंतर लगेच माणसांचा घोळका आकाशाकडे बोट दाखवतो. वर शेपटीवाला तारा. हा हॅलेचा धूमकेतू, एप्रिल 1066 मध्ये खरोखर दिसलेला. खाली काठात नुसत्या रेषांची रिकामी जहाजं, पुढे येणाऱ्या संकटाची. आमच्या पिढीने 1986 साली गच्चीवर जाऊन ज्याला शोधलं, तोच इथे लोकरीत.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते काठांनी. मुख्य पट्ट्याच्या वर आणि खाली अरुंद काठ आहेत. सुरुवातीला त्यांत पक्षी, प्राणी, इसापाच्या कथा: चोचीतला तुकडा गमावणारा कावळा आणि खाली कोल्हा. मग एका ठिकाणी चक्क शेती. एक जनावर नांगर ओढतंय, एक माणूस पेरतोय, घोडा ढेकळं फोडायचं दातेरी अवजार ओढतोय आणि एकजण गोफणीने पाखरं हाकतोय. गोफण! मिरजेच्या आसपास जोंधळ्याच्या मळ्यात माचाणावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा तोच वळलेला हात. वर राजकारण चाललंय, खाली पेरणी.

वरच्या पट्ट्यातही माझा जीव कामाच्या प्रसंगांत अडकला. झाडं तोडून कुऱ्हाडीने फळ्या तासणारे सुतार. चिलखतं काठीत ओवून दोघादोघांनी खांद्यावर नेलेली, कारण त्याचं वजन एकट्याला झेपणारं नाही. पिंप आणि भाले लादलेली गाडी. सळयांवर भाजलेले कोंबड्यांचे तुकडे, ढाली मांडून केलेली जेवणाची मेजं, आणि ओडो अन्नाला आशीर्वाद देतोय. किल्ल्याच्या मातीसाठी खणणारे मजूर, त्यातले दोघे फावड्यांनी एकमेकांवर धावून गेलेले. हे कुणाचा दावा सिद्ध करायला भरलेलं नाही, आणि म्हणून मला ते शपथेच्या प्रसंगापेक्षा जास्त खरं वाटतं. जे दाखवायचं होतं त्यात हेतू आहे. जे सहज आलं त्यात काळ आहे.

मग लढाई येते आणि काठ बदलतो. पशुपक्षी हळूहळू नाहीसे होतात, त्यांच्या जागी धनुर्धारी येतात, मग मेलेली माणसं. शेवटाकडे त्यांच्या अंगावरची चिलखतं डोक्यावरून ओढून काढली जातायत, उघडी शरीरं तशीच पडलेली. वर घोडे दिमाखात धावतात. मुख्य पट्टा विजय सांगतो आणि तळाचा काठ त्याची किंमत.

हॅरल्डच्या मरणापाशी सगळे थांबतात. 'हॅरल्ड' या अक्षरांखाली एक माणूस डोळ्याजवळचा बाण धरून उभा, शेजारी दुसरा घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळणारा. राजा यांतला कोण? 1729 च्या सुमारास काढलेल्या रेखाटनात त्या दांड्याला बाणाची पिसं नाहीत, पुढे एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली आणि आज दिसतो तो बाण त्यानंतरचा. दुसऱ्या आकृतीच्या डोक्यापाशीही सुईची जुनी छिद्रं आहेत, कदाचित तिथेही कधी बाण असावा. हॅरल्ड डोळ्यात बाण लागून मेला, ही इंग्लंडमध्ये शाळेपासून सांगितली जाणारी गोष्ट अशी काही टाक्यांवर तोलून उभी आहे. दुरुस्त करणाऱ्याचा हातही इतिहास लिहून जातो, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर पळणारे इंग्रज येतात आणि कापड संपतं. शेवटचा भाग हरवलाय.

दुपारी कॅथीड्रलमध्ये गेलो. 1077 मध्ये ओडोच्या काळातच त्याचं समर्पण झालं. तळघर आणि मनोऱ्यांचा खालचा भाग तेव्हाचा. 1476 च्या यादीत या कापडाची पहिली नोंद सापडते: सणाच्या दिवसांत ते चर्चच्या मुख्य दालनाभोवती टांगायचे. त्यानंतर त्याच्यावर काय काय आलं! 1792 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत लष्करी गाड्यांवर झाकायला ते घेतलं गेलं होतं, एका स्थानिक वकिलाने वाचवलं. नेपोलियनने इंग्लंडवर स्वारीचा बेत आखताना ते पॅरिसला नेऊन लोकांना दाखवलं. 1944 मध्ये ते पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात होतं आणि नाझी नेता हिमलरची माणसं ते न्यायला टपली होती.

गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश दफनभूमी आहे, चार हजारांहून अधिक कबरींची. समोरच्या स्मारकावर लॅटिनमध्ये कोरलंय: विल्यमने जिंकलेल्या आम्ही त्या विजेत्याची मायभूमी मुक्त केली. मावशीला अर्थ सांगितला तेव्हा ती बराच वेळ नावं वाचत राहिली.

आता एक सांगायलाच हवं. 2020 मध्ये संवर्धकांनी कापडाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा सुमारे 24,000 डाग, 16,000 हून अधिक सुरकुत्या आणि दहा हजारांच्या घरात लहानमोठी छिद्रं नोंदली गेली. आणि आता ते लंडनला जाणार, सप्टेंबर 2026 ते जुलै 2027 ब्रिटिश म्युझियममध्ये, असं ठरलंय. फ्रान्समध्ये याविरुद्ध हजारोंनी सह्या केल्या. माझा कल त्यांच्याकडे आहे. मावशीचं मत उलट: "ज्यांनी भरलं त्यांच्या देशात एकदा तरी जाऊ दे की." बायूतलं नवं संग्रहालय 2027 मध्ये उघडायचं आहे.

लंडनला गेलात तर गर्दी धूमकेतू आणि बाण या दोन जागी असेल. किल्ल्याच्या खणकामानंतर लगेच एक छोटा प्रसंग आहे, तो चुकवू नका. दोन माणसं घर पेटवतायत, आणि खाली एक बाई लेकराचा हात धरून घराबाहेर पडतेय. मुख्य पट्ट्यात शेकडो पुरुष आहेत आणि बायका फक्त तीन. ही त्यांतली एक, आणि तिचं नाव तिथे भरलेलं नाही.